पॅच पाठवताना सीसीत कोण हवं, कोण नको

कोड बरोबर आहे, चेकपॅचने (पॅचची मांडणी तपासणाऱ्या स्क्रिप्टने) एकही तक्रार केली नाही, मशिनवर चाचणीही झाली, आणि तरी पॅचला, म्हणजे मेलने पाठवलेल्या कोडमधल्या बदलाला, महिनाभर उत्तर नाही. इंदूरमध्ये श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेतून, देवी अहिल्या विश्वविद्यालयातून किंवा सिमरोलच्या आयआयटीतून मुक्त स्रोत प्रकल्पांकडे वळणाऱ्यांना हा अनुभव लवकरच येतो. अशा वेळी पाठवलेला मेल उघडून पत्त्यांची ओळ पाहा. पुष्कळदा कारण तिथेच सापडतं: मेल फक्त मोठ्या मेलिंग लिस्टला गेलेला असतो, तो कोड ज्याच्या हाताखाली आहे त्याला गेलेलाच नसतो. याच्या उलट प्रकारही होतो. दुरुस्ती दोन ओळींची आणि सीसीत चाळीस माणसं, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की दुसरं कुणी तरी बघेल.

पुढची माहिती मुख्यतः लिनक्स कर्नलच्या पद्धतीची आहे, कारण तिथले नियम लेखी आहेत आणि इतर अनेक प्रकल्पांनी ते उचलले आहेत. गिट (कोडचा इतिहास सांभाळणारं साधन), क्यूईएमयू (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) आणि गिटहबवरच्या कामातले फरक नंतर येतील. आज्ञा आणि पत्ते इथे देवनागरीत लिहिले आहेत; टर्मिनलवर ते नेहमीसारखे रोमन लिपीतच टाइप करायचे.

नाव घालण्यामागचं कारण

आपल्याकडच्या ऑफिसात आणि कॉलेजात प्रत वरच्या दिशेने जाते. साहेबांना कळावं, एचओडींना कळावं, उद्या कुणी विचारलं तर पुरावा असावा, हा तिचा हेतू. पॅचच्या जगात प्रत त्या माणसाला जाते ज्याला बदलाचे परिणाम सोसायचे आहेत किंवा ज्याला त्यातली चूक ओळखता येईल. म्हणून सीसीतल्या प्रत्येक नावासाठी एका वाक्यात कारण सांगता आलं पाहिजे. ‘ही फाइल त्या सांभाळतात’, ‘मी दुरुस्त करतोय ती चूक ज्या कमिटमध्ये (इतिहासात नोंदलेल्या बदलात) आली ते यांनी लिहिलं होतं’, ‘बग यांनी कळवला होता’, ‘मागच्या आवृत्तीवर यांनी शेरा दिला होता’, ‘या बदलाने यांच्या ड्रायव्हरचं वागणं बदलेल’. यापैकी एक तरी वाक्य लागू पडत असेल तर नाव ठेवा. ‘मोठी व्यक्ती आहे, बघितलं तर बरं’ हे कारण धरू नका.

लायनस टोर्व्हाल्ड्स यांचं नाव घालण्याचा मोह पहिल्या पॅचला होतोच. कर्नलच्या दस्तऐवजांत पूर्वीपासून स्पष्ट सांगितलेलं आहे की फार थोडे पॅच थेट त्यांच्याकडून आत जातात, त्यामुळे त्यांना मेल पाठवणं टाळावं. पॅच आधी उपप्रणालीच्या मेंटेनरच्या (तो भाग सांभाळणाऱ्याच्या) झाडात, म्हणजे त्याच्या कोडच्या प्रतीत जातो, तिथून पुल रिक्वेस्टने (‘माझ्या झाडातले बदल घ्या’ या विनंतीने) वर. तो रस्ता सोडून वर टाकलेला पॅच लवकर पोचत नाही, उलट ज्याने घ्यायचा त्याच्या नजरेतून सुटतो.

मेंटेनर्स फाइल कशी वाचायची

कर्नलच्या मुळाशी (कोडच्या सर्वांत वरच्या डिरेक्टरीत) ‘मेंटेनर्स’ नावाची एक लांबलचक मजकूर फाइल आहे. प्रत्येक उपप्रणालीची किंवा ड्रायव्हरची तिच्यात नोंद असते आणि नोंदीतली प्रत्येक ओळ एका अक्षराने सुरू होते. एम म्हणजे मेंटेनर. आर म्हणजे रिव्ह्यूअर. या माणसाने आपण होऊन ‘मला प्रत पाठवा’ असं सांगितलेलं आहे, म्हणून त्याला वगळणं मेंटेनरला वगळण्याइतकंच चुकीचं. एल म्हणजे लिस्ट, एफ म्हणजे कोणत्या फाइली या नोंदीत येतात, एक्स म्हणजे त्यातल्या कोणत्या येत नाहीत. के ही ओळ अनेकांच्या लक्षात येत नाही: तिथे शब्दांचा नमुना असतो आणि तो तुमच्या पॅचच्या मजकुरात सापडला, तर फाइल कुठलीही असो, ती नोंद लागू होते.

एसची ओळ आवर्जून वाचा. ‘सपोर्टेड’ असेल तर कुणी तरी पगारी वेळेत हे काम बघतंय. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कुणी तरी खरंच लक्ष ठेवून आहे. ‘ऑड फिक्सेस’ असेल तर उत्तराला वेळ लागेल हे गृहीत धरा. ‘ऑर्फन’ असेल तर त्या कोडला सध्या वाली नाही. अशा वेळी वरच्या डिरेक्टरीची नोंद बघायची आणि तिथेही कुणी नसेल तर अँड्र्यू मॉर्टन यांना पाठवायचं. शेवटचा आधार म्हणून दस्तऐवजात त्यांचंच नाव दिलेलं आहे.

पी या अक्षराची ओळ असेल तर तिथे त्या उपप्रणालीच्या स्वतःच्या नियमांचा दुवा असतो. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नेटवर्किंगची नियमावली याचं ठळक उदाहरण: विषयाच्या ओळीत पॅच ‘नेट’ झाडासाठी आहे की ‘नेट-नेक्स्ट’साठी हे लिहायचं, एका मालिकेत 15 पेक्षा जास्त पॅच घालायचे नाहीत आणि नवी आवृत्ती 24 तासांच्या आत पाठवायची नाही. तिथे सीसीत योग्य मेंटेनर आहेत का हे तपासणारी स्वयंचलित चाचणीसुद्धा आहे, आणि ती नापास झाली की पॅचच्या पानावर तसं दिसतं.

स्क्रिप्टने दिलेली यादी

ही सगळी फाइल हाताने शोधत बसायची गरज नाही. स्क्रिप्ट्स डिरेक्टरीत ‘गेट_मेंटेनर डॉट पीएल’ आहे. पॅच तयार करा, मग कर्नलच्या मुळाशी उभं राहून ही स्क्रिप्ट पॅचच्या फाइलवर चालवा. मूळ कोडच्या फाइलवर चालवायची असेल तर आधी ‘-एफ’ द्यावं लागतं, पण पॅचवर चालवणं केव्हाही चांगलं, कारण तेव्हाच ती आतला ‘फिक्सेस’ टॅग (कोणत्या जुन्या कमिटमधली चूक दुरुस्त होते ते सांगणारी ओळ) आणि के ओळीचे शब्द तपासू शकते.

समजा, आयआयओ उपप्रणालीतल्या एका तापमान सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये चुकीचा एरर कोड परत जात होता आणि तुम्ही तो दुरुस्त केला. स्क्रिप्ट साधारण अशा सहा ओळी देईल. पहिल्या नावापुढे ‘मेंटेनर: आयआयओ सबसिस्टिम अँड ड्रायव्हर्स’, दुसऱ्यापुढे ‘रिव्ह्यूअर’, तिसऱ्यापुढे ‘कमिट_साइनर:3/5=60%’, चौथ्यापुढे ‘ब्लेम्ड_फिक्सेस:1/1=100%’, आणि शेवटी लिनक्स-आयआयओ व लिनक्स-कर्नल या दोन लिस्ट, ‘ओपन लिस्ट’ असा शेरा घेऊन.

पहिले दोघं नक्की हवेत. चौथं नावही हवं: तुमच्या फिक्सेस टॅगमध्ये ज्या कमिटचा उल्लेख आहे ते त्यांचं आहे, आणि तो कोड तसा का लिहिला हे त्यांना ठाऊक असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. दोन्ही लिस्टही हव्यात. प्रश्न उरतो तिसऱ्या नावाचा. 3/5 म्हणजे गेल्या वर्षभरात या फाइलवर पाच कमिट झाले आणि त्यांतल्या तिनांवर या माणसाची सही आहे. ऐकायला भक्कम वाटतं, पण आधी गिट लॉग उघडून ते तीन कमिट पाहा. 2023–24 मध्ये प्लॅटफॉर्म ड्रायव्हरांच्या रिमूव्ह फंक्शनचा परतीचा प्रकार बदलला, तेव्हा शेकडो फाइलींत एकेक ओळ हलली. असा बदल करणारा माणूस त्या काळात असंख्य ड्रायव्हरांच्या यादीत झळकतो, पण तुमच्या सेन्सरच्या रजिस्टरांशी त्याचा काही संबंध नसतो. त्याला वगळा. तीन कमिटमध्ये सेन्सरच्या तर्काला हात लावणारं खरं काम असेल तर ठेवा.

ड्रायव्हरची स्वतःची नोंद नसली की स्क्रिप्ट असा इतिहासाचा आधार घेते. तो नको असेल तर ‘--नोगिट’ आणि ‘--नोगिट-फॉलबॅक’ असे दोन पर्याय द्या. मग फक्त मेंटेनर्स फाइलीत नोंदलेली आणि फिक्सेस टॅगमुळे सापडलेली माणसं येतात. रोजच्या कामाला हीच सवय बरी. इतिहास डोळ्यांनी पाहायचा आणि त्यातलं एखादं नाव पटलं तर हाताने घालायचं.

स्क्रिप्ट जुन्या झाडावर चालवू नका. सहा महिन्यांपूर्वी क्लोन केलेल्या झाडात सहा महिन्यांपूर्वीचे मेंटेनर असतात. मग मेल परत येतो आणि प्रत्येक ‘सर्वांना उत्तर’बरोबर तो बंद पत्ता पुन्हा फिरत राहतो. आधी मेनलाइन (लायनस यांचं मुख्य झाड) किंवा लिनक्स-नेक्स्ट (पुढच्या आवृत्तीचे बदल एकत्र येणारं झाड) ताजं करून घ्या.

स्क्रिप्टला न कळणारी माणसं

बग कळवणारा माणूस मेंटेनर्स फाइलीत नसतो. ‘रिपोर्टेड-बाय’ टॅग लिहिला, त्याखाली मूळ तक्रारीचा दुवा ‘क्लोजेस’ म्हणून दिला, तर त्याला प्रतही गेलीच पाहिजे. दुरुस्ती त्याच्या मशिनवर चालते का हे तोच सांगू शकतो. मागच्या आवृत्तीवर ज्यांनी काही म्हटलं त्यांचंही तसंच, अगदी त्यांनी फक्त स्पेलिंगची चूक दाखवली असली तरी. नव्या आवृत्तीत त्यांचं नाव नसेल तर त्यांचा वेळ वाया गेला असं त्यांना वाटणारच.

युजरस्पेसला (कर्नलवर चालणाऱ्या प्रोग्रामांना) दिसणारा इंटरफेस बदलत असाल, म्हणजे नवा सिस्टिम कॉल, नवा आयऑक्टल किंवा जुन्याचं वेगळं वागणं, तर लिनक्स-एपीआय लिस्टला प्रत द्यायची असते आणि मॅन-पेजेसच्या (हस्तपुस्तिकेच्या पानांच्या) मेंटेनरलाही कळवायचं असतं. डिव्हाइस ट्रीच्या बाइंडिंगला (हार्डवेअरचं वर्णन कसं लिहायचं ते ठरवणाऱ्या फाइलीला) हात लावला असेल तर डिव्हाइसट्री लिस्ट आणि त्या मेंटेनरांना बाइंडिंगचा पॅच गेलाच पाहिजे. तो न गेल्यामुळे अख्खा ड्रायव्हर अडून राहतो, कारण बाइंडिंग मंजूर झाल्याशिवाय ड्रायव्हर घेतला जात नाही.

लिस्ट वगळून फक्त माणसांना पाठवणं ही नवख्यांची वेगळीच चूक. त्यामागे संकोच असतो, सगळ्यांसमोर चूक दिसू नये असं वाटतं. पण लिस्टला न गेलेला पॅच पॅचवर्कमध्ये (आलेल्या पॅचांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) नोंदला जात नाही, चाचणी करणारी यंत्रं त्याला हात लावत नाहीत, लोअर या लिस्टवरच्या मेलांच्या जाहीर संग्रहात तो दिसत नाही, आणि मेंटेनरचं पहिलं उत्तर ‘लिस्टला सीसी करून पुन्हा पाठवा’ हेच असतं.

‘टू’ आणि ‘सीसी’

कर्नलमध्ये याचा कडक नियम नाही. तरी एक पद्धत पाळली तर वाचणाऱ्याला सोपं जातं: पॅच जो उचलून आपल्या झाडात घालणार तो मेंटेनर ‘टू’मध्ये, बाकी माणसं आणि लिस्ट ‘सीसी’मध्ये. एकाहून जास्त मेंटेनर असतील तर सगळे ‘टू’मध्ये चालतील. बीसीसी वापरू नका. ज्याला गुपचूप प्रत मिळाली त्याचं उत्तर धाग्यात आलं की चर्चा फुटते आणि विश्वासही जातो.

मेलमधला सीसी आणि कमिटमधला सीसी

इथे जरा थांबायला हवं, कारण गोंधळ सगळ्यांत जास्त इथेच होतो. मेलच्या वरच्या भागातला सीसी मेल पोचला की संपतो. कमिट संदेशात सहीच्या ओळींजवळ लिहिलेला ‘सीसी:’ टॅग मात्र गिटच्या इतिहासात कायमचा राहतो. त्याचा अर्थ ठरलेला आहे: या माणसाला शेरा द्यायची संधी दिली होती, त्याने तो दिला असेलच असं नाही. म्हणून त्याला प्रत प्रत्यक्षात गेलेली असली पाहिजे. ‘रिव्ह्यूड-बाय’, ‘अ‍ॅक्ड-बाय’, ‘टेस्टेड-बाय’ हे (तपासलं, मान्य आहे, चाचणी केली असं सांगणारे) टॅग संबंधित माणसाने स्पष्टपणे दिल्याशिवाय लिहायचेच नसतात. कुणी ‘छान दिसतंय’ म्हटलं म्हणजे रिव्ह्यूड-बाय मिळालं असं होत नाही.

गिट सेंड-ईमेल (पॅच मेलने पाठवणारी गिटची आज्ञा) हे टॅग वाचतं आणि त्यांतल्या पत्त्यांना आपोआप सीसीत घेतं. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ (हा कोड देण्याचा हक्क असल्याची सही) आणि ‘-बाय’ने संपणारे इतर टॅगही त्यात आले. ही सोय मोठी आहे, पण वीस मेंटेनरांची यादी कमिट संदेशात चिकटवायचं कारण नाही. ती इतिहासात उगाच राहते. तीच यादी पॅचमधल्या तीन डॅशच्या ओळीखाली ठेवा. सेंड-ईमेल तिथूनही ती उचलतं आणि मेंटेनरने पॅच घेतल्यावर तो भाग गळून जातो.

‘स्टेबल ॲट व्हीजर डॉट कर्नल डॉट ऑर्ग’ हा पत्ता याला अपवाद. दुरुस्ती जुन्या स्थिर कर्नलांतही जावी असं वाटत असेल तर हा पत्ता कमिटच्या टॅगमध्येच हवा. नुसता मेलच्या सीसीत घातला तर मेनलाइनमध्ये गेल्यावर तो पॅच आपोआप उचलला जात नाही. टॅगच्या पुढे हॅश चिन्ह देऊन ‘6.1.x’ अशी आवृत्ती लिहिली की त्यापासून पुढच्या झाडांत तो हवा आहे हे कळतं. फिक्सेस टॅगमध्ये कमिटच्या हॅशची किमान पहिली 12 अक्षरं आणि कमिटचं शीर्षक असतं. स्टेबल सांभाळणाऱ्यांना त्याचीही मदत होते. सजावटीच्या किंवा स्पेलिंगच्या दुरुस्त्यांवर स्टेबल टॅग लावू नका, तिथले निकष कडक आहेत.

मालिका पाठवताना

एकच पॅच असेल तर वरचं सगळं पुरतं. पाच-सात पॅचची मालिका झाली की कुणाला काय पाठवायचं हा प्रश्न येतो. सगळ्यांना सगळं पाठवलं तर ज्याची एकच फाइल आहे त्याच्याकडे नको ते सहा मेल जातात. प्रत्येकाला फक्त त्याचा पॅच पाठवला तर त्याला मधलाच तुकडा दिसतो आणि ज्या फंक्शनला तो हाक मारतोय ते कुठून आलं हे कळत नाही.

त्यातून चालणारी वाट अशी. कव्हर लेटर, म्हणजे शून्य क्रमांकाचा मेल, मालिकेतल्या प्रत्येक माणसाला आणि लिस्टला जावा. पहिल्या पॅचने नवं फंक्शन आणलं असेल आणि बाकीचे ते वापरत असतील तर पहिला पॅचही सर्वांना. पुढचे पॅच ज्याचे त्याला. मालिका लहान असेल आणि पॅच एकमेकांवर अवलंबून असतील तर सरळ सगळं सगळ्यांना पाठवा. अर्धवट मालिका मिळाल्याचा राग दोन जास्तीच्या मेलांहून मोठा असतो. आणि पॅचांचा एकमेकांशी संबंधच नसेल, म्हणजे वेगवेगळ्या उपप्रणालींत तीच स्पेलिंगची चूक असेल, तर मालिका करूच नका. वेगळे मेल पाठवा, प्रत्येक मेंटेनर आपापला घेईल.

इथला नेहमीचा घोटाळा असा: सेंड-ईमेलच्या ‘सीसीसीएमडी’ सेटिंगमध्ये गेट_मेंटेनर जोडलेली असते. ती प्रत्येक फाइलवर चालते, पण कव्हर लेटर हा पॅच नसल्यामुळे स्क्रिप्ट तिथे ‘हा पॅच दिसत नाही’ म्हणून गप्प बसते. परिणामी सगळे पॅच माणसांना जातात आणि खुलासा कुणालाच जात नाही. उपाय दोन आहेत. सगळी नावं कव्हर लेटरच्या हेडरमध्ये सीसी म्हणून लिहा आणि ‘--सीसी-कव्हर’ पर्याय द्या, म्हणजे ती प्रत्येक पॅचलाही लागू होतात. नाहीतर बी4 हे साधन वापरा. त्यात ‘बी4 प्रेप --ऑटो-टू-सीसी’ म्हटलं की मालिकेतल्या सगळ्या पॅचांचे मेंटेनर कव्हर लेटरमध्ये येऊन बसतात आणि तुम्हाला ती यादी हाताने छाटता येते. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने बी4च शिकावं असं आमचं स्पष्ट मत आहे. आवृत्त्यांचे क्रमांक आणि मिळालेले टॅग तेच सांभाळतं.

पाठवण्याआधीचा अर्धा तास

1. जीमेल वापरत असाल तर खात्यावर टू-स्टेप पडताळणी सुरू करून ॲप पासवर्ड घ्या. सर्व्हर ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’, पोर्ट 587, एन्क्रिप्शन टीएलएस. ब्राउझरमधल्या जीमेलमधून पॅच चिकटवून पाठवू नका, त्यात टॅब मोडतात. आणि एचटीएमएल मेल व्हीजरच्या (कर्नलच्या लिस्ट चालवणाऱ्या सर्व्हरच्या) लिस्ट स्वीकारतच नाहीत.

2. ‘सेंडईमेल डॉट कन्फर्म’ हे सेटिंग ‘ऑलवेज’ करा. प्रत्येक मेलआधी पत्ते समोर येतील.

3. पूर्ण मालिका आधी स्वतःला पाठवा: ‘--टू’मध्ये स्वतःचा पत्ता आणि ‘--सप्रेस-सीसी=ऑल’. दुसरा पर्याय विसरलात तर टॅगमधल्या सगळ्यांना ‘चाचणी’ जाईल. बी4मध्ये यासाठी ‘बी4 सेंड --रिफ्लेक्ट’ आहे. आलेला मेल फाइल म्हणून उतरवून ‘गिट एएम’ने (मेलमधला पॅच कोडला लावणाऱ्या आज्ञेने) लागतो का ते पाहा.

4. आता खऱ्या पत्त्यांसह ‘--ड्राय-रन’, म्हणजे प्रत्यक्ष न पाठवता तालीम. पडद्यावर येणारी यादी वरून खाली वाचा आणि प्रत्येक नावाशी तुमचं ते एक वाक्य जुळवा.

5. मग पाठवा, आणि पुढचे दोन-तीन दिवस उत्तर द्यायला मोकळे राहा. सकाळी 10 वाजता इंदूरहून पाठवलेला मेल जर्मनीत पहाटे पोचतो आणि कॅलिफोर्नियात आदल्या रात्री. प्रश्न येतील ते आपल्या दुपारी किंवा मध्यरात्रीनंतर. रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी मालिका टाकून दुसऱ्या दिवशी राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) बघायला जाणार असाल तर ती दोन दिवस थांबवलेली बरी. पहिल्या प्रश्नाला झटकन उत्तर मिळालं की मेंटेनर बाकीचंही वाचतो.

कुणाला घालू नये

कॉलेजचे गाईड सर किंवा एचओडी सीसीत नकोत, त्यांनी कोडमध्ये हात घातला नसेल तर. एकदा नाव आलं की ‘सर्वांना उत्तर’च्या प्रत्येक फेरीत त्यांच्याकडे मेल जात राहतो. त्यांना दाखवायचंच असेल तर लोअरवरचा दुवा नंतर वेगळ्या मेलने पाठवा. त्यांनी खरोखर सोबत लिहिलं असेल तर ‘को-डेव्हलप्ड-बाय’ आणि लगेच खाली त्यांची साइन्ड-ऑफ-बाय, हा योग्य मार्ग.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या एखाद्या कंपनीतून पाठवत असाल तर टीम लीडचंही तेच. शिवाय एक गोष्ट आधी तपासा: कंपनीचा मेल सर्व्हर खाली ‘हा मेल गोपनीय आहे’ असा मजकूर जोडतो का. जाहीर लिस्टवरच्या पॅचखाली असा मजकूर असेल तर अनेक मेंटेनर तो पॅच घेतच नाहीत. असं असेल तर कंपनीच्या परवानगीने दुसऱ्या पत्त्यावरून पाठवा आणि पॅचच्या पहिल्या ओळीत ‘फ्रॉम:’ म्हणून ऑफिसचा पत्ता ठेवा.

मेंटेनर्स फाइलीतल्या काही लिस्टपुढे ‘सब्स्क्रायबर्स-ओन्ली’ असा शेरा असतो. स्क्रिप्ट त्या आपोआप वगळते. तुम्ही हाताने घालू नका, नाहीतर उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला परतीचा मेल येतो. ‘मॉडरेटेड’ लिस्ट चालतात, फक्त तिथे मेल दिसायला वेळ लागतो.

सुरक्षेतली त्रुटी सापडली असेल तर आतापर्यंत सांगितलेली यादी पूर्ण बाजूला ठेवा. ती आधी संबंधित मेंटेनर आणि ‘सिक्युरिटी ॲट कर्नल डॉट ऑर्ग’ यांना खासगीत कळवायची, कुठल्याही जाहीर लिस्टला नाही. अशा पॅचमध्ये स्टेबलचा टॅग लिहायचा असेल तर व्हीजरशिवायचा, ‘स्टेबल ॲट कर्नल डॉट ऑर्ग’ हा पत्ता वापरावा. या पत्त्यावरचा मेल कुठेच पोचवला जात नाही, त्यामुळे सेंड-ईमेलने टॅग वाचून आपोआप सीसी केलं तरी त्रुटी फुटत नाही.

उत्तर देताना

‘सर्वांना उत्तर’ हीच रीत. कुणी तुम्हाला एकट्याला लिहिलं आणि मुद्दा तांत्रिक असेल तर ‘हे लिस्टवर घेऊ का?’ असं विचारून परवानगी घ्या. परस्पर जाहीर करू नका. रिव्ह्यूअरने मध्येच नवा माणूस जोडला तर तो पुढेही ठेवा. कुणी ‘मला काढा’ म्हटलं तर काढा. उत्तर उद्धृत ओळींच्या खाली लिहायचं आणि ज्यांना उत्तर द्यायचं नाही त्या ओळी छाटायच्या. सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर’ नको. समोरची व्यक्ती ‘सर’ आहे की ‘मॅडम’ हे तुम्हाला माहीत नसतं, आणि तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात. ‘हाय’ आणि नाव, एवढा आदर पुरे असतो.

आठवडा झाला, उत्तर नाही. किमान एक आठवडा थांबा असं दस्तऐवजच सांगतो, आणि मर्ज विंडोच्या (नव्या आवृत्तीसाठी बदल आत घेण्याच्या) दोन आठवड्यांत त्याहून जास्त. मग आपल्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळींची आठवण द्या, पत्ते तेच ठेवून. आठवण देताना वरचा मेंटेनर सीसीत जोडणं ही सरळ तक्रार समजली जाते. आणखी काही आठवडे गेले तर तोच पॅच, काहीही न बदलता, विषयात ‘रीसेंड’ लिहून पुन्हा पाठवा. त्याआधी यादी नव्याने काढा, कारण मेंटेनर बदललेला असू शकतो. कोडमध्ये एक अक्षर जरी बदललं असेल तर ‘रीसेंड’ नाही, पुढची आवृत्ती. ती जुन्या धाग्याला उत्तर म्हणून न पाठवता नव्या धाग्यात, कव्हर लेटरमध्ये जुन्या आवृत्तीचा लोअर दुवा देऊन पाठवावी.

इतर प्रकल्प

गिट प्रकल्पात क्रम उलटा आहे. आधी लिस्टला पाठवायचं आणि त्या भागात काम केलेल्यांना सीसी. लिस्टवर एकमत झाल्यावर तोच पॅच ‘टू’मध्ये मेंटेनर आणि सीसीत लिस्ट ठेवून पुन्हा. क्यूईएमयूमध्ये सर्व पॅच क्यूईएमयू-डेव्हल लिस्टला जातातच. कर्नलसारखीच स्क्रिप्ट तिथेही आहे, आणि अगदी किरकोळ दुरुस्तीसाठी क्यूईएमयू-ट्रिव्हियल लिस्टला वेगळी प्रत देता येते.

गिटहबवर ‘कोडओनर्स’ फाइल हेच काम करते. तिच्यात एकाहून जास्त नमुने जुळले तर सर्वांत खालचा लागू होतो, म्हणून वरून वाचत पहिल्या जुळणीवर थांबू नका. ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट असेतोवर त्या मालकांना रिव्ह्यूची विनंती जात नाही. ॲट चिन्हाने कुणाला हाक मारायची असेल तर वर्णनात किंवा शेऱ्यात मारा, कमिट संदेशात कधीच नाही. पूर्वी तो कमिट कुणाच्याही फोर्कमध्ये (प्रकल्पाच्या स्वतंत्र प्रतीत) ढकलला गेला की त्या माणसाला सूचना जात असे. कुबरनेटीसमध्ये तर असा कमिट असेल तर बॉट पुल रिक्वेस्ट अडवूनच ठेवतो. तिथे माणूस बोलवायला ‘स्लॅश सीसी’ ही आज्ञा आहे.

तुमचा स्वतःचा पत्ता

पॅचच्या ‘फ्रॉम:’ ओळीत लेखक म्हणून जो पत्ता आहे तोच साइन्ड-ऑफ-बायमध्ये असला पाहिजे, नाहीतर चेकपॅच टोकतं. कॉलेजचा पत्ता वापरायचा असेल तर तो पदवीनंतर चालू राहतो का ते आधी विचारून घ्या. नावाचंही एकच रूप ठरवा: आज नाव-आडनाव, उद्या मध्ये वडिलांचं नाव, असं केलं तर इतिहासात दोन माणसं दिसतात. पत्ता बदलावाच लागला तर जुना आणि नवा जोडणारी ओळ ‘डॉट मेलमॅप’ फाइलीत घालणारा छोटा पॅच पाठवा. गेट_मेंटेनर ती फाइल वाचते. तुमचा पॅच स्टेबल झाडांत गेला की त्या फेऱ्यांचे मेल साइन्ड-ऑफ-बायमधल्या पत्त्यावर येतात, कधी वर्षभराने, आणि त्या दुरुस्तीने कुठे काही मोडलं तर ते कळवणारा माणूसही तोच पत्ता सीसीत घालतो.